कृष्णाकाठची सांगली: पाण्याचे फूट तोंडपाठ असलेलं शहर

गुरुवार

अकोल्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली की रात्र गाडीतच जाते आणि सकाळी नीट जाग येईपर्यंत सातारा मागे पडलेला असतो. कराड गेलं, किर्लोस्करवाडी गेली, भिलवडी आली, आणि खिडकीतून दोन्ही बाजूला नुसता ऊस. मी खारपाणपट्ट्याच्या जवळचा माणूस, आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं तरी ते गोड लागेल की खारट ही धाकधूक असते, त्यामुळे मार्च महिन्यात एवढं हिरवं बघितलं की मला आधी हेवा वाटतो आणि मग आनंद होतो. सांगली बघायची इच्छा बऱ्याच वर्षांची होती. कॉलेजातला एक मित्र तिथला, तो दरवर्षी म्हणायचा ये, यंदा हळदीचा सीझन चालू असतानाच जायचं असं ठरवून टाकलं.

मित्राचं घर गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत, नदीपासून चालत दहा मिनिटांवर. जिन्याच्या भिंतीवर ऑइलपेंटने दोन आडव्या रेघा मारलेल्या दिसल्या, खालच्या रेघेशेजारी २००५ आणि वरच्या रेघेशेजारी २०१९. वरची रेघ माझ्या डोक्याच्या वर. लाईटचं मीटर त्याच्याही वर, जवळजवळ छताला टेकवलेलं. मी बघत उभा राहिलो तर काकू वरून म्हणाल्या, "ते नंतर बघ की रे, आधी वर ये, हातपाय धू, भाकरी गरम हाय." शाळूची भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी. या वांग्यांचं कौतुक ऐकून होतो. देठाजवळ थोडी काटेरी, आत बी कमी आणि गर लोण्यासारखा, कौतुक करावं अशीच आहेत.

संध्याकाळी आयर्विन पुलावर गेलो. १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते उद्घाटन झालेला हा पूल, संस्थानच्या काळातला, पलीकडे सांगलीवाडी आणि मग इस्लामपूरचा रस्ता. आता शेजारी नवा पूल झालाय पण सांगलीकराच्या मनात पूल म्हणजे हाच, कारण नदीची उंची याच पुलापाशी मोजली जाते. चाळीस फूट झालं की इशारा, पंचेचाळीस झालं की धोका. पावसाळ्यात इथले लोक सकाळी उठून आधी "आयर्विनला किती?" हे विचारतात म्हणे, दूधवाला, रिक्षावाला, शाळेतली पोरं, सगळे. मित्राला मी सहज विचारलं की किती फुटाला कुठे पाणी येतं, तर तो न थांबता सांगत गेला, आधी सूर्यवंशी प्लॉट, मग इनामदार प्लॉट, मग दत्तनगर-काकानगरची बाजू, मग मारुती चौक, मग हरभट रोड. एखाद्याला घरातल्यांचे वाढदिवस पाठ असावेत तसं ते पाठ होतं.

मार्चमध्ये मात्र नदी पार खाली गेलेली. पुलावरून बघताना पाणी हिरवट दिसत होतं, मध्येच खडक उघडे पडलेले. एवढ्या खाली असलेलं पाणी २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर गेलं होतं हे समोर बघूनही पटत नव्हतं. उन्हाळ्यात कारखान्यांची मळी आणि गावांचं सांडपाणी मिसळतं आणि मासे मरून काठाला लागतात, हे दर एकदोन वर्षांनी होतं, आणि त्याबद्दल पुलावर भेटलेला प्रत्येक जण तळमळून बोलत होता. पूर आला तर सहन करू पण माय घाण होते ते बघवत नाही, असं एक आजोबा म्हणाले. ते रोज संध्याकाळी पुलावर येतात. कृष्णा नदी असं कोणी म्हणत नाही इथे, कृष्णामाई म्हणतात, आणि तेही सहज, बोलता बोलता.

परत येताना भडंग घेतलं. लसूण, तिखट, शेंगदाणे लावलेले चुरमुरे, पण सांगली-जयसिंगपूरकडचं भडंग वेगळं लागतं, चुरमुरा जाड असतो आणि मसाला त्याच्या आतपर्यंत जातो. रात्री गच्चीवर बसून अख्खी पिशवी संपली.

शुक्रवार

सकाळी मित्राच्या वडिलांबरोबर मार्केट यार्डात. काकांनी आयुष्यभर एका अडत दुकानात दिवाणजी म्हणून काम केलं, आता रिटायर झालेत पण सीझनमध्ये सकाळी यार्डात चक्कर मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. रिक्षातून उतरण्याआधीच हळदीचा वास येतो. आपल्या डब्यातल्या हळदीचा नाही, हा वेगळा, मातीचा, थोडा कापरासारखा उग्र वास, नाकात बसतो आणि दिवसभर जात नाही.

आत गेलो तर शेडमध्ये ढिगाला ढीग. पोती फोडून थोडी थोडी हळद पुढे ओतलेली, हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी. राजापुरी हळदीचं हळकुंड जाडजूड, पिवळ्यात केशरी झाक. खरेदीदार घोळक्याने एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकतात, एक जण हळकुंड उचलतो, दोन्ही अंगठ्यांनी कट्कन मोडतो, आतला रंग बघतो, नाकाशी नेतो, आणि लगेच भाव बोलला जातो. हे सगळं इतकं पटापट होतं की मला भाव ऐकूही येईनात. काकांनी मला एक हळकुंड मोडायला दिलं, माझ्याने पहिल्यांदा मोडेचना. "चांगलं वाळलंय म्हणून मोडंना, ओलं असतं तर वाकलं असतं," काका म्हणाले, आणि स्वतः मोडून आतला भाग दाखवला, शिंगासारखा चकचकीत, मधोमध एक गडद कडं. हे चकाकणारं अंग म्हणजे नीट शिजवलेल्या हळदीची खूण. शेतातून काढलेली हळद आधी शिजवायची, मग कितीतरी दिवस उन्हात वाळवायची, मग पॉलिश करायची, तेव्हा कुठे ती या शेडमध्ये येते. शिजवण्यात गडबड झाली की वाळल्यावर ती अंगाने भुसभुशीत राहते आणि खरेदीदाराच्या अंगठ्याला ते बरोबर कळतं.

काका सांगत होते की पूर्वी भाव असा मोठ्याने बोलायचे नाहीत. हातावर रुमाल टाकायचा, रुमालाखाली घेणाऱ्याने अडत्याची बोटं धरायची, बोटांवर भाव ठरायचा आणि बाजूला उभ्या शेतकऱ्याला काही कळायचं नाही. आता उघड लिलाव आहे. मला हे ऐकून बरं वाटलं, कारण बापजाद्यांच्या रुमालाचं कितीही कौतुक असलं तरी ज्याचा माल त्याला भाव ऐकू आलाच पाहिजे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याआधी दोन वर्षं इथल्या बेदाण्याला मिळालं होतं. फक्त आसपासचीच नाही तर मराठवाड्यातून, कर्नाटकातून हळद इथे विकायला येते. हमाल पाठीवर पोतं घेऊन जाताना त्यांच्या मानेवर, कानांच्या मागे, पापण्यांवर पिवळी पूड बसलेली असते. एक हमाल हसून म्हणाला, "आमची रोजच हळद हाय पाव्हणं."

दुपारी हरिपूर. सांगलीपासून अगदी जवळ, वारणा इथे कृष्णेला मिळते, काठावर संगमेश्वराचं देऊळ आणि फरसबंद घाट. 'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच हरिपूरचे. देऊळ बघितलं, संगम बघितला, पण मला खरं बघायचं होतं ते पेव. धान्याची पेवं आपल्याकडे जुन्या वाड्यांत असायची हे ऐकून होतो, पण हळद जमिनीखाली साठवायची हे इथलंच. हरिपूरची माती अशी आहे की खोल खड्डा घेतला तरी भिंत ढासळत नाही आणि ओल आत येत नाही. वर तोंड लहान, जेमतेम माणूस उतरेल एवढं, खाली पोट मोठं, वीस फुटांच्या आसपास खोल. आत सगळीकडून पाला-कडबा लावायचा, हळद भरायची, वर परत पाला आणि मातीने तोंड लिंपून बंद. हवा जात नाही म्हणून कीड लागत नाही, वर्षानुवर्षं हळद तशीच राहते, उलट रंग वाढतो असं म्हणतात. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, तोंड उघडं ठेवून काही तास वारा खेळू द्यायचा, मग कंदील सोडून बघायचा, कंदील विझला तर अजून थांबायचं. आत हवा नसते, माणूस गुदमरून मरतो.

हे मला सांगत होते ते गावातले एक बाबा, त्यांनी तरुणपणी पेवं भरण्याचं काम केलंय. मोकळ्या जागेत त्यांनी हाताने दाखवलं, इथं एक, तिथं एक, त्या गाडीखाली एक. मला जमिनीवर काहीच दिसत नव्हतं, नुसतं गवत आणि माती. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं आणि आतली हळद कुजली, पेवं आतून ढासळली, व्यापाऱ्यांचं मोठं नुकसान झालं. त्यानंतर माल गोदामात आणि कोल्ड स्टोरेजमध्ये जायला लागला. काही पेवं अजून आहेत पण भरणारी माणसं राहिली नाहीत. बाबांनी एका जागी काठी आपटली, आवाज पोकळ आला, "हे बघा, हितं हाय एक," म्हणाले आणि पुन्हा दोनदा आपटली. या सगळ्या जागेचा नीट नकाशा तरी कोणीतरी करून ठेवावा, एखादं पेव दुरुस्त करून पोरांना दाखवायला ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. सगळा खर्च बेताचा आहे, आणि पेवं कुठे कुठे आहेत हे काठी आपटून सांगणारी माणसं अजून आहेत तोवरच ते होऊ शकतं.

येताना गणपती मंदिर. पटवर्धनांच्या घरात वाटण्या होऊन १८०१ मध्ये सांगलीचं संस्थान मिरजेपासून वेगळं झालं, त्याचे पहिले अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब, त्यांनी कृष्णेच्या काठी हे मंदिर बांधलं. राज्य गणपतीचं आणि आपण कारभारी अशी त्यांची भावना. संध्याकाळची आरती मोठ्या आवाजात, सगळे टाळ्या वाजवत, काळ्या दगडाचं देऊळ आणि आवारात सावली. भाद्रपदात चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला, इथे गुपचूप एक गणपती बसवतात, त्याला चोर गणपती म्हणतात, काकूंनी ही गोष्ट इतक्या प्रेमाने सांगितली की भाद्रपदात परत यायचं कबूल करून बसलो.

शनिवार

मिरज. कागदावर सांगली-मिरज-कुपवाड ही १९९८ पासून एकच महापालिका, पाच लाखांवर वस्ती, रस्त्यावरून जाताना एक शहर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे कळत नाही. पण मिरजेच्या माणसाला सांगलीकर म्हणून बघा, तो लगेच दुरुस्त करतो. आणि खरंच हवा वेगळी आहे. सांगलीत व्यापार, कोर्टकचेऱ्या, कॉलेजं. मिरजेत रेल्वे जंक्शन, दवाखाने आणि संगीत. १८९४ मध्ये डॉक्टर वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून पेशंट इथे येतात, आजही स्टेशनबाहेर रिक्षावाले कन्नडमध्ये विचारतात की कुठल्या डॉक्टरकडे.

मी गेलो ते सतारमेकर गल्लीत. दुकानं अगदी साधी, आठ-दहा फुटांची, छताला भोपळे टांगलेले. हे भोपळे कडू जातीचे, खायचे नाहीत, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठी पिकतात. मोठा, गोल, जाड सालीचा भोपळा मिळणं हल्ली अवघड झालंय, पाऊस वेळीअवेळी पडला की भोपळा डागाळतो किंवा फुटतो. दांडी तुणाच्या लाकडाची. एकोणिसाव्या शतकात मिरजेच्या पटवर्धन संस्थानात हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी होती, लढाया थांबल्या तसं त्यांचं काम गेलं, त्यातले फरीदसाहेब वाद्यं दुरुस्त करता करता वाद्यं बनवायला शिकले आणि त्यांच्या वंशजांनी, शिष्यांनी ही गल्ली उभी केली. तलवारीला धार लावणाऱ्या हातांनी तंबोरे घडवायला घेतले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

एका दुकानात कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते. मी विचारलं, बसू का, ते म्हणाले, "बसा की, पण बोलू नका." तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी घोडी असते, जिच्यावरून तारा जातात, तिचा वरचा भाग सपाट दिसतो पण तो सपाट नसतो, त्याला अगदी बारीक उतार असतो. तार छेडल्यावर ती त्या उतारावर किती टेकते आणि किती सुटते त्यावर तिचा झणकार. कारागीर तार सैल करायचे, कानस दोनदा फिरवायचे, पुसायचे, तार परत चढवायचे, छेडायचे, मान वाकडी करून ऐकायचे. नाही. परत सैल. परत कानस. तासभर हेच. मग शिवणाचा दोरा तारेखाली सरकवला, नखाने केसभर पुढे मागे केला, आणि अचानक आवाज उघडला. त्याआधी एक तार वाजत होती, आता तिच्या आत चारपाच सूर एकदम गुणगुणायला लागले. माझ्या अंगावर काटा आला. कारागिरांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. पोरं हे काम शिकतात का, असं मी नंतर विचारलं. घरातला एक मुलगा शिकलाय, दुसरा नोकरीला आहे, असं उत्तर आलं. एका तंबोऱ्याला महिने जातात आणि हातात येणारे पैसे त्या मानाने काहीच नाहीत. मानांकन मिळालं म्हणून सगळ्यांनी अभिनंदन केलं पण गिऱ्हाईक भाव करताना तेवढाच करतं, असंही ते म्हणाले. कुणी शास्त्रीय संगीत शिकत असेल आणि वाद्य घ्यायचं असेल तर मिरजेला या, समोर बसून घ्या, आणि कृपा करून घासाघीस करू नका.

तिथून ख्वाजा शमना मीरासाहेब दर्गा. उस्ताद अब्दुल करीम खाँ, किराना घराण्याचे, सवाई गंधर्वांचे गुरू, मिरजेत राहिले, १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनवर त्यांचं निधन झालं, त्यांना इथे आणून दफन केलं. दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, रात्रभर झाडाखाली बसून लोक गाणं ऐकतात, गाणारे मानधनासाठी येत नाहीत, हजेरी लावायला येतात. उरुसात पहिल्या गलेफाचा, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीचा, मान इथल्या चर्मकार समाजाचा. ज्या समाजाला गावोगावी उंबऱ्याबाहेर उभं केलं गेलं त्याचा मान इथे पहिला आहे, आणि हे सांगताना दर्ग्यातल्या माणसाच्या आवाजात अभिमान होता. आत एक हिंदू कुटुंब नवसाचे पेढे वाटत होतं, मलाही मिळाला.

संध्याकाळी मिरज स्टेशनवर चहा घेतला. २०१६ च्या एप्रिलमध्ये इथूनच लातूरला पाण्याची रेल्वे गेली, पहिल्या फेरीला दहा वॅगन, वॅगनला पन्नास हजार लिटर. ते पाणी कृष्णेचं. चहावाल्याला आठवत होतं, "बघायला ही गर्दी हुती. लोकांनी गाडीला हार घातला." ही गोष्ट ऐकताना मला आमच्याकडचे टँकर आठवले आणि चहा पिता पिता गप्प झालो.

रविवार

सकाळी गणेशदुर्ग. सांगलीचा भुईकोट, आत जुना राजवाडा, सरकारी ऑफिसं आणि तुरुंग. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी हा तुरुंग फोडला, तटावरून खंदकात उड्या टाकल्या, बाहेर पावसाळ्यातली भरलेली कृष्णा. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीबारात गेले, दादांच्या खांद्याला गोळी लागली. दादा पुढे मुख्यमंत्री झाले, त्यांची समाधीही कृष्णेच्या काठावरच आहे. मी तटाजवळ उभा राहून अंदाज घेत होतो की इथून नदीपर्यंत पळायचं म्हणजे किती अंतर. पोहता येणाऱ्यालाच सुचेल असा बेत. सांगलीतली पोरं आजही नदीत पोहायला शिकतात, पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती लागतात आणि सांगलीवाडीच्या बाजूला काठावर माणूस मावत नाही. मगरी वाढल्यात म्हणून आता पोहणाऱ्यांवर जरा बंधन आलंय.

५ नोव्हेंबर १८४३ ला याच संस्थानात विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. आदल्या वर्षी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ चिंतामणरावांनी बघितला, आपल्या भाषेत असं व्हायला पाहिजे असं मनात घेतलं आणि भाव्यांना कामाला लावलं. मराठी रंगभूमी दिन म्हणून आपण ५ नोव्हेंबर पाळतो तो यामुळे. देवल, खाडिलकर ही पुढची माणसंही याच मातीतली. आशा भोसलेंचा जन्म सांगलीचा, क्रिकेटवाले विजय हजारे सांगलीचे. भावे नाट्यमंदिराबाहेर रविवारच्या प्रयोगाचा बोर्ड होता, तिकिटाला रांग होती, रांगेत म्हाताऱ्यांइतकीच कॉलेजची पोरं होती. आम्हीही गेलो. प्रयोग ठीकठाक, पण प्रेक्षक फार चांगले, हशा आणि शांतता दोन्ही योग्य जागी.

पण रविवारचा मोठा भाग गेला तो सूर्यवंशी प्लॉटमध्ये. पाणी पहिल्यांदा शिरतं ती वस्ती. मित्र शाळेत शिकवतो, त्याचे काही विद्यार्थी तिथले. एका घरात गेलो, दोन खोल्या, पलंगाच्या पायाखाली विटा कायमच्याच लावलेल्या. ताई घरकाम करतात, त्यांनी लोखंडी पेटी दाखवली, आत रेशनकार्ड, पोरांचे दाखले, गॅसचं पुस्तक, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. मे महिना संपला की ही पेटी भरून दाराजवळ ठेवायची. "पाणी आलं की पेटी उचलायची आन शाळंत जायचं, आठ दिस ऱ्हायाचं, परत यिऊन चिखुल काढायचा." २०१९ ला मात्र आठ दिवसांत घर सापडलं नाही, भिंत पडली होती. चिखलाबद्दल त्या जास्त बोलल्या. पाणी ओसरल्यावर बोटभर जाड, घाण वासाचा गाळ भांड्यात, गादीत, पोरांच्या वह्यांत, आणि तो धुवायला पुन्हा पाणीच नसतं, कारण गावाचा पाणीपुरवठा बंद.

त्या पुरात ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली आणि माणसं बुडाली, ते सांगताना ताईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचं तिकडे कोणी नात्यातलं नव्हतं.

पूर का येतो यावर इथे प्रत्येकाचं मत आहे. कोयना धरणातून सोडलेलं पाणी, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची फुग, म्हणजे मागे तुंबणारं पाणी, आणि सांगलीजवळ नदी वळणं घेत सपाटीवरून वाहते, त्यात हरिपूरला वारणा भरून आली की कृष्णेला पुढे सरकायला जागा नाही. अलमट्टीवरून तर चहाच्या टपरीवर भांडणं होतात. मला एवढंच दिसलं की पूररेषेच्या आत, नाल्यांवर भराव टाकून झालेली बांधकामं डोळ्यांसमोर उभी आहेत, त्यासाठी कुठल्या धरणाकडे बोट दाखवायची गरज नाही. गरिबाने परवडतं म्हणून तिथे घर बांधलं हे समजतं. पण भराव टाकून प्लॉट विकणारा वेगळा आणि पलंगाखाली विटा लावणारा वेगळा, आणि पूर आला की नोटीस येते ती विटा लावणाऱ्याला.

रात्री अख्खा मसूर आणि रोटी खायला रोडवरच्या ढाब्यावर. चांगला होता, तिखट होता, जास्त काही लिहीत नाही.

सोमवार

पहाटे मित्राच्या गाडीवर नृसिंहवाडी. इथले लोक नुसतं वाडी म्हणतात. जिल्हा कोल्हापूर पण सांगलीकरांचं येणंजाणं रोजचं. कृष्णा-पंचगंगेचा संगम, औदुंबराखाली दत्ताच्या पादुका, देऊळ नदीच्या घाटावरच इतकं खाली की पावसाळ्यात पाणी आत येणारच. आणि ते यावं म्हणून लोक वाट बघतात. उत्तरेकडून पाणी आत येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, त्या पाण्यात अंघोळ करायला गावोगावचे लोक रात्री-बेरात्री निघतात. पाणी अजून चढलं की उत्सवमूर्ती उचलून वर नेतात. काल सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी म्हणजे काय ते ऐकलं होतं, आज त्याच पाण्याच्या सोहळ्याची वर्णनं ऐकत होतो आणि दोन्ही सांगणारे खरं बोलत होते. सूर्यवंशी प्लॉटमधल्या ताईसुद्धा दरवर्षी वाडीला येतात, त्यांनीच मला कवठाची बर्फी घ्यायला सांगितली होती. घेतली. बासुंदी तिथेच प्यायलो.

गाडी दुपारी मिरजेहून होती म्हणून मधल्या वेळात म्हैसाळ. इथे कृष्णेवर बंधारा आहे आणि मोठाल्या पंपांनी पाणी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवत कवठेमहांकाळ, जत अशा दुष्काळी तालुक्यांकडे नेतात. ताकारी आणि टेंभू या अशाच दुसऱ्या योजना. पंप चालू होते, कालव्याजवळ उभं राहिलं की पायाखाली जमीन थरथरते. तिथे जतकडचा एक शेतकरी भेटला, नातेवाइकाकडे आला होता, मुद्दाम पाणी सुटलंय का बघायला थांबलेला. द्राक्षबाग आहे, पूर्वी टँकरने बाग जगवली, बायकोचे दागिने त्यात गेले. "आधी लाईटबिल थकलं की योजना बंद पडायची, आता जरा बरं चाललंय, पण शेवटच्या टोकाला अजून पोचंना." मी अकोल्याचा म्हटल्यावर त्याने खारपाणपट्ट्याबद्दल विचारलं, तिथे काय पिकतं, विहिरी किती खोल, जमिनीला मीठ फुटतं का, आणि मी सांगत असताना तो मन लावून ऐकत होता, मध्येच जिप्सम टाकता का असं विचारत होता. आमचं बोलणं अर्धा तास तरी चाललं.

पुराचं जादा पाणी या योजनांतून दुष्काळी भागाकडे वळवायचं बोलणं २०१९ पासून जोरात आहे. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला, तेव्हाही ५४ फुटांच्या पुढे गेलं. एकाच जिल्ह्यात एका टोकाला दाराजवळ पेटी भरून ठेवलेली आणि दुसऱ्या टोकाला कालव्याकडे डोळे लागलेले, मध्ये पन्नास-शंभर किलोमीटर. हे काम व्हावं, लवकर व्हावं, आणि ते करताना जतचं शेवटचं टोक खरंच भिजावं.

कुणाला जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च उत्तम. हळदीचे सौदे चालू असतात, द्राक्षं स्वस्त असतात, ऊन सोसतं. यार्डात सकाळी जा, सौदे चालू असताना मध्ये उभे राहू नका, आणि पांढरा शर्ट घालू नका. हरिपूरला देऊळ बघून लगेच वळू नका, पेवांबद्दल गावातल्या जुन्या माणसांना विचारा. मिरजेच्या गल्लीत निदान अर्धा दिवस ठेवा. सूर्यवंशी प्लॉटमध्ये नुसतं बघायला जाऊ नका, ओळखीचं कोणी असेल तरच जा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर निघण्याआधी सांगलीत कुणालातरी फोन करून आयर्विनला किती ते विचारा, पस्तीसच्या वर असेल तर तिकीट पुढे ढकला, तेव्हा तिथल्या माणसांना पाहुणे सांभाळायला वेळ नसतो.